कू चीची भुयारं

मोर्चा खोदलेल्या कुठल्याही जवानाला विचारा, खोदणं हे निम्मंच काम असतं. निघालेली माती टाकायची कुठे, हा खरा प्रश्न. ताज्या मातीचा ढीग दिसला की शत्रूला आपला ठिकाणा कळलाच म्हणून समजा. व्हिएतनाममधल्या कू चीच्या लोकांनी हा प्रश्न २०० किलोमीटरहून जास्त लांबीच्या भुयारांसाठी सोडवला.

कू ची सैगॉनच्या वायव्येला आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंचांविरुद्ध लढताना गावकऱ्यांनी इथे पहिली भुयारं खोदली. पुढे अमेरिकेशी युद्ध पेटल्यावर त्यांचं जाळं झालं. इथली माती आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या जातीची. ओली असताना कुदळीला सोपी, वाळली की कडक. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी लाकडी टेकू लागले नाहीत. निघालेली माती नदीत, शेतात, बाँबच्या खड्ड्यांत जायची.

आत राहायचं तर हवा हवी, चूलही हवी. हवेची भोकं वारुळांत लपवली जात. चुलीचा धूर जमिनीखालून दूर नेऊन विरळ करून सोडत. काही वाटांमध्ये पाण्याने भरलेलं वळण ठेवत, म्हणजे वरून सोडलेला वायू पुढे जात नसे.

जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेने इथे ‘ऑपरेशन क्रिम्प’ ही मोठी मोहीम काढली. त्याच वर्षी त्यांच्या २५व्या इन्फंट्री डिव्हिजनने कू चीत तळ उभारला, तोही भुयारांच्या प्रदेशातच. तळाच्या हद्दीत गोळ्या सुटायच्या, पण माणूस दिसायचा नाही. शेवटी बारीक अंगाचे सैनिक पिस्तूल, टॉर्च आणि चाकू घेऊन रांगत आत उतरू लागले. त्यांना ‘टनेल रॅट्स’ म्हणत. अंधारात तार, सुळे, विंचू, साप, काहीही वाट पाहत असे. त्यांच्या हिमतीला सलाम करावाच लागतो.

आतल्यांचे हालही कमी नव्हते. दिवसेंदिवस वाकून, रांगत राहायचं. मलेरिया आणि पोटातले जंत तर पाचवीला पुजलेले. पुढे बी-५२ विमानांच्या बाँबफेकीत भुयारांचा बराच भाग कोसळला आणि अनेक जण आतच गाडले गेले.

आज पर्यटकांसाठी काही वाटा मुद्दाम रुंद केल्या आहेत. मूळ वाटेत धिप्पाड माणूस खांद्यापाशीच अडकला असता. तिथे माणसांनी वर्षं काढली, हे नकाशावर किलोमीटर मोजताना विसरू नये.

जय हिंद.