ख्रिस्ती जीवनातील नम्रता आणि सेवा : खानदेशच्या संदर्भात

'नम्रता' हा शब्द आपल्या प्रवचनांत, नोव्हेनांत आणि सायंप्रार्थनांत इतक्या वेळा कानी पडतो की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणास भासत नाही. सद्गुणांच्या यादीत तो असतो, म्हणून आपण त्याला मान देतो व पुढे जातो. वास्तविक ख्रिस्ती जीवनाचा पाया म्हणून ख्रिस्तसभेने ज्या गोष्टीकडे सतत बोट दाखविले, ती हीच. हिप्पोचे महागुरुस्वामी संत अगस्तीन यांनी आपल्या एका पत्रात सत्याकडे जाणारा मार्ग कोणता हे सांगताना पहिले स्थान नम्रतेला दिले, दुसरेही नम्रतेला आणि तिसरेही तिलाच. प्रस्तुत लेखात आम्ही या सद्गुणाचा विचार पवित्र शास्त्राच्या आधारे करीत आहोत. मात्र त्याची उदाहरणे दूरदेशी न शोधता शक्य तेथे जळगाव व धुळे या आपल्या जिल्ह्यांतूनच घेत आहोत.

प्रथम शब्दाकडे पाहू. संस्कृतातील 'नम्' म्हणजे वाकणे. नमस्कार, नमन, विनम्र हे सारे त्याच धातूचे गोत. लॅटिन भाषेत मात्र या सद्गुणाचे नाव वाकण्यावरून नव्हे, तर मातीवरून पडले आहे. 'ह्युमस' म्हणजे भूमी आणि 'ह्युमिलिस' म्हणजे भूमीलगतचा, जमिनीशी असलेला. उत्पत्तीच्या पुस्तकातही आदामाचे नाव 'अदामा' म्हणजे माती या हिब्रू शब्दाशी जोडलेले आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस आणि केळी पिकविणाऱ्या माणसाला या संबंधाचे विशेष स्पष्टीकरण द्यावे लागू नये. माती सगळ्यांच्या पायांखाली असते आणि सगळे तिच्यावरच जगतात. वाकलेला मनुष्य काम झाल्यावर पुन्हा ताठ उभा राहू शकतो. जो मुळातच भूमीशी आहे त्याला ते नाटक करावे लागत नाही. आमच्या मते ख्रिस्ती नम्रता ही या दुसऱ्या प्रकारची आहे.

संत पौलाने फिलिप्पैकरांस पाठविलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही गोष्ट अत्यंत थोडक्यात मांडली आहे. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने ते स्थान घट्ट धरून ठेवले नाही, स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले, असा त्याचा आशय आहे. 'दास' हा शब्द आता ग्रंथातच उरला असल्याने त्याची धार आपल्याला जाणवत नाही. खानदेशी वाचकाने त्या ठिकाणी 'सालदार' हा शब्द मनात आणून पाहावा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे वर्ष सुरू होते. त्या सुमारास मालक व सालदार बसून वर्षाची रक्कम आणि धान्य ठरवितात, आणि मग पुढील आखाजीपर्यंत बैलांच्या चारापाण्यापासून रात्रीच्या राखणीपर्यंत त्याचा वेळ त्याचा राहत नाही. पौलाच्या काळातील दासाला तर सालाची बोलीही करता येत नव्हती. इतक्या खालच्या जागी देवाचा पुत्र आपण होऊन आला, असे आपली श्रद्धा सांगते. हे वाक्य शेताच्या बांधावर उभे राहून उच्चारले तर ते वेदीवरून ऐकू येते तितके गुळगुळीत वाटत नाही.

या रिक्त होण्याचे दृश्य रूप संत योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात आहे. अन्य तीन शुभवर्तमानकारांनी शेवटच्या भोजनाच्या वेळी पवित्र ख्रिस्तप्रसादाची स्थापना झाल्याचे वर्णन केले आहे. योहानाने मात्र त्या जागी पाय धुण्याचा प्रसंग सांगितला आहे. ख्रिस्तप्रसादावरील प्रभूचा बोध त्याने सहाव्या अध्यायात आधीच दिलेला आहे. म्हणजे त्याला विसर पडला नव्हता. भाकर मोडणे व पाय धुणे यांचा अर्थ एकच आहे, हे त्याला दाखवायचे असावे असा अनेक भाष्यकारांचा अभिप्राय आहे.

त्या काळी धुळीच्या वाटांवरून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे घरातील सर्वांत खालच्या चाकराचे काम समजले जाई. हिब्रू वंशाच्या दासाकडून ते करून घेऊ नये, असे मत यहुदी धर्मपंडितांच्या परंपरेत नोंदलेले आहे. योहान प्रभूच्या कृती एकेक करून सांगतो. प्रभू भोजनावरून उठतो, वस्त्रे काढून ठेवतो, रुमाल कंबरेस बांधतो, गंगाळात पाणी ओततो, पाय धुतो, पुसतो. येथे वस्त्रे 'काढून ठेवणे' यासाठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच दहाव्या अध्यायात उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी प्राण 'ठेवतो' तेथेही वापरलेले आहे. ज्याने दुसऱ्या दिवशी क्रुसावर प्राण ठेवला, त्याने आदल्या रात्री अंगावरचे वस्त्र ठेवले. आणखी एक गोष्ट वाचताना निसटते. यहुदा इस्कार्योत भोजनगृहातून बाहेर पडतो तो यानंतर. म्हणजे प्रभूने त्याचेही पाय धुतले.

पेत्र प्रथम नकार देतो. पाय धुणे कठीण, तसेच धुऊन घेणेही कठीण. आपल्यातील अनेक ज्येष्ठांना आजारपणात सुनेच्या किंवा परिचारिकेच्या हातून सेवा घेताना जो संकोच होतो, तो पेत्राच्याच संकोचाचा भाऊ आहे. आयुष्यभर इतरांची सेवा केलेल्या धर्मगुरूंना व धर्मभगिनींना तर तो अधिकच होतो, असे आम्ही पाहिले आहे. सेवा स्वीकारणे हादेखील नम्रतेचाच भाग होय.

येथे एक खबरदारी घेणे आवश्यक आहे, आणि ती आम्हाला या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब वाटते. नम्रतेचा उपदेश बहुधा खालच्या पायरीवरच्या माणसाला केला जातो. मजुराने नम्र असावे, सुनेने नम्र असावे, सातपुड्याच्या पाड्यावरून वसतिगृहात आलेल्या मुलाने नम्र असावे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मान वर करू दिली गेली नाही, त्यांना मान खाली घालण्याचा धडा देणे हे शुभवर्तमान नव्हे. भोजनगृहात जो उठला तो गुरू होता, प्रभू होता. त्याने शिष्यांना एकमेकांचे पाय धुण्यास सांगितले ते स्वतः वाकल्यानंतर. संत थॉमस अक्वायनस यांनी नम्रतेच्या जोडीला मनाचा मोठेपणा हाही सद्गुण मानला आहे. नम्रता माणसाला आपल्या मापाबाहेर फुगू देत नाही आणि मनाचा मोठेपणा त्याला निराशेने खचू देत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. देवाने दिलेले दान नाकारणे ही नम्रता नव्हे. अविलाच्या संत तेरेजा यांनी तर नम्रतेची व्याख्याच सत्याला धरून चालणे अशी केली. मरियेचे स्तोत्र आठवावे. ती स्वतःला दासी म्हणते, आणि त्याच दमात सर्व पिढ्या आपल्याला धन्य म्हणतील व बलवंत सिंहासनांवरून खाली येतील, असेही सांगते.

आता खानदेशातील एक उदाहरण. ते ख्रिस्ती व्यक्तीचे नाही, आणि त्या व्यक्तीला आपल्या गोटात ओढण्याचा आमचा हेतू नाही. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी (१८९९-१९५०), मूळचे कोकणातील पालगडचे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तेथील शाळेत, म्हणजे पुढील काळातील प्रताप हायस्कूलमध्ये, शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, इतस्ततः पडलेले कपडे धुऊन ठेवीत, न घासलेली भांडी घासून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत. मुलांना ते रागावून शिकवीत नसत. काम केलेले दिसे आणि मुले आपोआप शरमून ते स्वतः करू लागत. अधीक्षकाने पोरांची भांडी घासावी, हे त्या काळाला, आणि खरे बोलायचे तर आजच्याही काळाला, विचित्रच.

१९३० मध्ये शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर एक, याप्रमाणे अठरा प्रवचने सहबंद्यांपुढे केली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज अनेक भाषांत आहे. त्यावर नाव विनोबांचे आहे आणि तसेच ते असावयास हवे. परंतु समोर बसून दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे टिपणारा हा मनुष्य स्वतः प्रतिभावान लेखक होता. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी या पाच दिवसांत त्याने 'श्यामची आई' लिहिले. ज्याला स्वतःचे सांगण्यासारखे इतके होते, त्याने धुळ्यात महिनेच्या महिने दुसऱ्याचे लेखनिक होणे पत्करले. सभेत आपले नाव घेतले गेले नाही म्हणून रुसणाऱ्या आपणां सर्वांना हे ठाऊक असावे. (अशा रुसव्याला आम्हीही अपवाद नाही.)

'श्यामची आई' वाचलेल्यांना त्यातील पायांचा प्रसंग आठवत असेल. स्नान झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून छोटा श्याम हट्ट धरतो, आणि आई दगडावर आपले लुगडे पसरून त्यावर पाय ठेवू देते. मग पायांइतकीच मनाच्या स्वच्छतेची काळजी घेण्यास सांगते. पाय, पाणी आणि अंगावरचे वस्त्र. योहानाचा तेरावा अध्याय जाणणाऱ्या ख्रिस्ती वाचकाला येथे थबकल्याशिवाय राहवणार नाही.

याच नम्र मनुष्याने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य गणल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. भांडी घासणारा हात दार ठोठावण्यासही कचरला नाही. नम्रता म्हणजे मिळमिळीतपणा, हा समज येथे गळून पडतो.

आपल्या परंपरेतील साक्षीदारांपैकी आम्ही एकाचाच उल्लेख करतो, कारण त्यांच्या बाबतीत 'दास' हा शब्द अक्षरशः खरा आहे. गोव्यातील बाणावली येथे १६५१ मध्ये जन्मलेले संत जुझे वाझ यांनी १६७७ साली पवित्र मरियेचा दास असल्याचे दास्यपत्र लिहून दिले. पुढे डच सत्तेने कॅथोलिक धर्मगुरूंना बंदी घातलेल्या श्रीलंकेत ते मजुराच्या वेषात शिरले. कँडी येथे त्यांना हेर समजून कैदेत टाकण्यात आले. १६९७ मध्ये त्या नगरात देवीची साथ पसरली आणि घरचे लोकही रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा ते रोग्यांची शुश्रूषा करीत राहिले व मृतांना मूठमाती देत राहिले. १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीतच प्रभूघरी गेले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

पाय धुण्याच्या विधीचा इतिहासही थोडक्यात सांगणे उचित होईल. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीने तो मठाच्या दैनंदिन जीवनात आणला. आठवडाभर स्वयंपाकघरात सेवा केलेल्याने व पुढील आठवड्याची सेवा सुरू करणाऱ्याने मिळून सर्वांचे पाय धुवावे, आणि मठात आलेल्या पाहुण्यांचे पाय मठाधिपतीने व सर्व बंधूंनी धुवावे, असा त्यात दंडक आहे. पोप पायस बारावे यांच्या काळात, १९५५ च्या आज्ञापत्राने पवित्र आठवड्याच्या उपासनेची पुनर्रचना झाली आणि आज्ञागुरुवारच्या सायंकालीन मिस्सामध्ये हा विधी करण्याची मुभा मिळाली. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या. त्यानंतर ६ जानेवारी २०१६ च्या आज्ञापत्राने नियमही बदलला. आता केवळ पुरुष नव्हे, तर स्त्रिया व पुरुष, तरुण व वृद्ध, निरोगी व आजारी अशा देवाच्या प्रजेच्या सर्व घटकांतून व्यक्ती निवडता येतात.

नियम बदलला, आपली निवड किती बदलली, हा प्रश्न मात्र प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावयाचा आहे. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताच्या या खानदेशी भागात आपण संख्येने थोडके आणि विखुरलेले आहोत. भुसावळच्या रेल्वेमुळे आलेली कुटुंबे, केरळ, गोवा व मंगळूरकडून आलेल्या धर्मभगिनी आणि शिक्षक, मराठी घरे आणि डोंगरातून आलेले आदिवासी श्रद्धावंत एकाच छताखाली प्रार्थना करतात. पाय धुण्यासाठी खुर्च्या मांडल्या जातात, तेव्हा बारा नावे बहुधा देणगीदार, पदाधिकारी व नेहमीचे ओळखीचे चेहरे यांतूनच भरतात. मंडळी पाय धुऊन, स्वच्छ मोजे घालून येतात. त्या खुर्च्यांवर चर्चचे आवार झाडणारी बाई, शाळेचा शिपाई, दूरच्या वस्तीवरून एस. टी. ने येणारी वृद्धा किंवा कपाशी वेचून तळव्यांना भेगा पडलेली तरुणी क्वचितच दिसते. त्यांना बोलावले तर त्या संकोचतात हे खरे. पण पेत्रही संकोचला होता, आणि प्रभूने त्याला वगळले नाही.

१७ एप्रिल २०२५ रोजी, आज्ञागुरुवारी, पोप फ्रान्सिस नुकत्याच सरलेल्या गंभीर आजारपणातून पुरते सावरले नसतानाही रोममधील रेजिना चेली तुरुंगात गेले. सुमारे ७० बंदिवान त्यांना भेटले. दरवर्षीप्रमाणे पाय धुण्याचे बळ त्यांच्या अंगी राहिले नव्हते, आणि तसे त्यांनी बंदिवानांना सांगितलेही. ते चाकांच्या खुर्चीतून आले, सर्वांना भेटले, त्यांच्याबरोबर प्रार्थना केली व परतले. चार दिवसांनी, २१ एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले.