गेडिससाहेबाची इंदुरातली दिवाळी

इंदुरात पाहुणा आला की त्याला राजवाडा दाखवतात, कांचमंदिर दाखवतात आणि रात्री सराफ्यात नेऊन पोटभर खाऊ घालतात. एवढ्यात इंदूर झाले असे तोही समजतो. आमचे म्हणणे, फेरी मल्हारगंजातून सुरू करावी, आणि पायी करावी. बडा गणपतीच्या त्या पंचवीस फुटी मूर्तीला हात जोडावेत आणि पूर्वेला राजवाड्याकडे चालू लागावे. वस्तीच्या नावातच मल्हारराव होळकर आहेत. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि मराठी कारभारी, भिक्षुक, शिलेदार यांची घरे माळव्याच्या मातीत रुजली. घरात मराठी आणि ओटा उतरला की माळवी-हिंदी, हा परिपाठ इथे दीडदोनशे वर्षांचा आहे. सीमाभागातल्या वाचकाला त्यात नवल वाटायचे नाही.

या गल्ल्यांतून चालताना मला एक म्हातारा स्कॉटिश माणूस आठवतो. पॅट्रिक गेडिस त्याचे नाव. जन्म १८५४ चा, पेशाने वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, पण ध्यास शहरांचा. १९१४ साली नगररचनेचे प्रदर्शन घेऊन तो हिंदुस्थानात यायला निघाला. नकाशे-चित्रांच्या पेट्या ज्या जहाजावर होत्या ते जर्मनांच्या 'एम्डेन'ने बुडवले. दुसरा कोणी परत फिरला असता. याने नवे प्रदर्शन जमवले आणि गावोगाव हिंडला. तिसऱ्या तुकोजीरावांच्या अमदानीत तो इंदुरात येऊन राहिला, आणि १९१८ मध्ये त्याचा दोन खंडांतला अहवाल दरबारने छापला.

दिवस मोठे गमतीचे होते. १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले, अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे. १९१८ च्या मार्चमध्ये हिंदी साहित्य संमेलन त्याच शहरात, अध्यक्ष गांधीजी. दोन्ही भाषांचे मांडव एकाच गावात, वर्षाच्या अंतराने. आणि या सगळ्यावर सावली प्लेगची.

गेडिस हातात नकाशा घेऊन गल्लीबोळ पायाखाली घाली. बायकामाणसे त्याला पाहून दारे लावून घेत; हा साहेब येतो तिथे प्लेग येतो, अशी आवई उठली होती. त्यावर त्याने काय केले, ती हकिगत त्याच्या चरित्रांतून आली आहे. त्याने दरबाराकडे एका दिवसापुरते महाराजपद मागितले! दिवाळीची मिरवणूक काढायची, पण ठरलेल्या वाटेने नाही. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ, सर्वांत नीट डागडुजी केलेली, त्या रस्त्याने. झाले, गावभर केरसुण्या फिरू लागल्या. कचरा फुकट उचलून नेण्याची सोय झाली, उंदीर धरले गेले, भिंतींना सफेदी चढली. मिरवणूक आपल्या दारावरून जावी असे कोणाला वाटणार नाही?

मिरवणुकीत हत्ती, उंट, लक्ष्मी हे सारे होतेच. मागून घाणीचा रावण आणि प्लेगचा अक्राळविक्राळ उंदीर आले. त्यांचे पुढे दहन झाले. पण मला सर्वांत मोठे वाटते ते त्यांच्यामागून आलेले दृश्य. शहरातले सफाई कामगार, अंगात पांढरेशुभ्र कपडे, हातात नव्या केरसुण्या, छातीवर झेंडूचे फूल, गाड्या रंगवलेल्या, बैलांची शिंगे सजवलेली. ज्यांची सावली टाळली जाई त्यांना शहराने त्या दिवशी मानाच्या जागी चालवले. एका दिवसाने जात जात नाही, हे खरे. तरी १९१८ च्या आसपासच्या संस्थानी शहरात हे धारिष्ट्यच. त्यांच्यामागून हत्तीवर बसलेली नवीच देवता, इंदूर नगरी. आणि शेवटी बागांचे रथ, फळेफुले, आणि तुळशीची रोपे लावलेल्या कुंड्या, लोकांना वाटण्यासाठी. साथ ओसरली. हंगाम संपत आला होता हेही एक कारण, ते त्याने स्वतःच कबूल केले.

तुळस ही त्याच्या लेखी शोभेची बाब नव्हती. ज्या अंगणात तुळस टवटवीत, ते घर नीट राखलेले, ही त्याची परीक्षा. वनस्पतिशास्त्रज्ञ आमच्या आजीच्या निष्कर्षाला पोहोचला म्हणायचे! जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते कापण्याला त्याचा विरोध होता. आधी रोग ओळखा, मग उपचार. पडके घर काढा, तिथे झाड लावा, चौक मोकळा करा, पण मोहल्ला मोडू नका. गरिबाला उठवले की तो दुसरीकडे जाऊन अधिक दाटीत राहतो, हे त्याने पाहिलेले होते. नदीकाठी बागा असाव्यात हाही त्याचा आग्रह.

आता चालता चालता मल्हारगंजाकडे पुन्हा पाहा. बडा गणपती ते कृष्णपुरा छत्री हा रस्ता २०२० नंतरच्या वर्षांत रुंद करण्यात आला. जुन्या घरांच्या पुढच्या बाजू कापल्या गेल्या. ओटे गेले, लाकडी सज्जे गेले. वाहनांची कोंडी खोटी नव्हती, रुंदीकरण मागणारेही इथलेच होते. पण ओट्यावर बसून दोन भाषांत गप्पा मारणाऱ्यांनी आता बसायचे कुठे, हा प्रश्न नकाशात येत नाही. केरसुणी मात्र शहराने सोडली नाही: २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. गेडिसचे नाव त्या सत्कारांत क्वचितच येते.

खजुरी बाजारातली पुस्तकांची दुकाने ओलांडली की राजवाडा. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने जाळलेला, पुन्हा उभारलेला, १९८४ च्या दंगलीत पुन्हा जळलेला. समोर बाग, बागेत अहिल्याबाईंचा पुतळा. दमला असाल तर इथे टेका. उरलेली वाट थोडीच आहे, उतरून खान नदीपर्यंत. तिच्या काठावर कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या आहेत. दगडातली कोरीव कामे संध्याकाळच्या उन्हात पाहावीत. खाली नदी आहे. शहराचे सांडपाणी तिच्यात वर्षानुवर्षे सुटत आले, ते अडवण्याचे प्रयत्नही झाले. पायरीवर बसून पाण्याकडे पाहा, आणि वारा तुमच्याकडे वळला तर जागा बदला.