सुईवाचून औषध

भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यात भाताची लावणी सुरू झाली की माणसे दिवसदिवस पोटरीभर चिखलात उभी असतात. डोक्यावर इरले, वरून पाऊस, खाली पाणीच पाणी. संध्याकाळी बोटांना सुरकुत्या पडलेल्या दिसतात, पण पाणी काही अंगात शिरत नाही. याचे आपल्याला नवल वाटत नाही. खरे तर वाटायला हवे. इरले पाऊस अडवते हे दिसते, पण पायांपाशी पाणी कोण अडवते? वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहावा.

अडवतो तो त्वचेचा सर्वांत वरचा थर. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी १५ ते २० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही कितीतरी कमी. चपट्या, मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटींत चुन्यासारखा मेद भरलेला, अशी त्याची बांधणी असते. हा पहारा जसा पाण्यावर तसाच औषधांवर. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू त्यातून सहसा जात नाहीत. निकोटीनचा रेणू १६२ डाल्टनचा, म्हणून त्याची पट्टी दंडावर चिकटवून चालते. इन्शुलिनचा रेणू सुमारे ५८०० डाल्टनचा! ते पोटातून द्यावे तर प्रथिन असल्यामुळे पचून जाते. म्हणून १९२१ साली इन्शुलिन हाती आले तेव्हापासून मधुमेही माणसाच्या नशिबी सुई आली.

या पहाऱ्याशी गेली तीस वर्षे झुंजणारे एक मराठी नाव म्हणजे समीर मित्रगोत्री. जैववैद्यकीय अभियांत्रिकीत आज त्यांचे नाव मोठे आहे, पण ते मुळात रासायनिक अभियंते. माटुंग्याच्या यूडीसीटीतून (आताची रसायन तंत्रज्ञान संस्था) त्यांनी १९९२ साली पदवी घेतली आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट लँगर व डॅनियल ब्लँकश्टाइन यांच्या हाताखाली १९९६ साली पीएचडी केली. आम्हाला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरला त्वचा हा शरीराचा अवयव दिसतो. रासायनिक अभियंत्याला तो एक पडदा दिसतो: यातून कोणता पदार्थ, किती वेगाने, कशामुळे पलीकडे जाईल?

श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने त्वचेतून औषध आत ढकलण्याचे प्रयोग १९५० च्या दशकापासून चालू होते. सांध्यांवर मलम लावून वरून ध्वनीचे यंत्र फिरवत. त्यासाठी वापरला जाणारा ध्वनी सेकंदाला सुमारे दहा ते तीस लाख कंपनांचा असे. तो का वापरायचा? कारण भौतिकोपचारासाठी तशीच यंत्रे तयार मिळत! गुण कधी येई, कधी येत नसे. मित्रगोत्रींनी आधी वेगळाच प्रश्न विचारला: ध्वनीमुळे त्वचेत नेमके होते तरी काय? उष्णता वाढते, द्रव हलतो की आणखी काही? एकेक शक्यता तपासल्यावर उत्तर आले, बुडबुडे. ध्वनिलहर द्रवाला आळीपाळीने दाबते आणि ताणते. ताणाच्या क्षणी सूक्ष्म बुडबुडे फुगतात, दाबाच्या क्षणी ते कोसळतात.

एकदा हे कळले की पुढचे गणित शाळेतल्या मुलालाही करता येते. सेकंदाला दहा लाख कंपने असतील तर ताणाचा अर्धा फेरा अर्ध्या मायक्रोसेकंदाचा. वीस हजार कंपने असतील तर तोच २५ मायक्रोसेकंदांचा. बुडबुड्याला फुगायला पन्नासपट वेळ! म्हणजे चाळीस वर्षे लोक चुकीच्या टोकाला शोधत होते. कंपने वाढवायची नव्हती, मानवी कानाच्या मर्यादेपर्यंत खाली आणायची होती.

१९९५ साली ‘सायन्स’मध्ये मित्रगोत्री, ब्लँकश्टाइन आणि लँगर यांचा निबंध आला. वीस हजार कंपनांच्या ध्वनीने इन्शुलिन, गॅमा इंटरफेरॉन आणि सुमारे ४८,००० डाल्टनचे एरिथ्रोपोएटिनही मानवी त्वचेच्या नमुन्यांतून पार गेले होते. केस नसलेल्या मधुमेही उंदरांच्या त्वचेवर इन्शुलिनचे द्रावण ठेवून ध्वनी सोडला, तर रक्तातली साखर उतरली. मित्रगोत्री तेव्हा विद्यार्थीच होते. बुडबुडे नेमके कोठे होतात याचा उलगडा मात्र पुढे सावकाश झाला. या कंपनांना साजेसा बुडबुडा शंभराहून अधिक मायक्रॉन त्रिज्येचा असतो. तो १५ मायक्रॉनच्या थरात मावणार कसा? तो वरच्या द्रवात तयार होतो आणि त्वचेलगत कोसळताना तिला धक्के देतो.

मग सुई गेली का? नाही. या तत्त्वावरच्या ‘सोनोप्रेप’ उपकरणाला २००४ साली अमेरिकेत परवानगी मिळाली, ती लिडोकेन हे बधिर करणारे औषध त्वचेत लवकर मुरवण्यासाठी, म्हणजे सुई टोचताना दुखू नये म्हणून! सुई घालवायला निघालेले तंत्र सुईच्याच सेवेला लागले, आणि बाजारात ते फारसे टिकलेही नाही. यंत्र, वीज, खर्च हे सगळे एका बाजूला आणि काही रुपयांची सिरिंज दुसऱ्या बाजूला. प्रयोगशाळेतला विजय आणि दवाखान्यातला विजय यांतले अंतर शास्त्राच्या इतिहासात फार कमी सांगितले जाते.

दरम्यान २००० पासून मित्रगोत्री कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा शाखेत शिकवू लागले होते. पडद्याचाच प्रश्न आता ते रक्तात विचारत होते. औषधाचा सूक्ष्म कण रक्तात सोडला की भक्षक पेशी त्याला गिळून टाकतात. त्यांना चुकवायचे कसे? बहुतेकांचे लक्ष कणाच्या आकारमानाकडे आणि रसायनाकडे होते. ज्यूली चॅम्पियन या विद्यार्थिनीबरोबर त्यांनी २००६ साली दाखवले की घडणही तितकीच मोलाची. लांबट कण टोकाकडून भक्षक पेशीला लागला तर ती काही मिनिटांत गिळते. तोच कण, त्याच पदार्थाचा, चपट्या बाजूने लागला तर ती त्यावर पसरून राहते आणि तासन्तास गिळू शकत नाही. काकडी टोकाकडून खाता येते, आडवी धरून तोंडात घालून पाहा! आम्हाला त्यांच्या साऱ्या कामात हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

याच काळात आणखी एक युक्ती पुढे आली. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस फिरते आणि तिला सहसा कोणी हटकत नाही. मग म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो तसा औषधाचा कण तिच्या पाठीवर बसवावा. फुप्फुसाच्या अरुंद केशवाहिनीतून पेशी घासत जाते, तेव्हा कण तेथेच उतरतो.

२०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने आणि २०१६ साली वैद्यक अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. २०१७ पासून ते हार्वर्ड विद्यापीठात आहेत.

इन्शुलिन त्यांनी सोडलेले नाही. २०१८ साली त्यांच्या गटाने कोलीन आणि जेरॅनिक आम्ल यांच्यापासून बनवलेल्या आयनी द्रवात इन्शुलिन मिसळून ते उंदरांना आतड्यावाटे दिले आणि त्यांची साखर उतरली. जेरॅनिक आम्ल म्हणजे काही अनोखे रसायन नव्हे, वेलदोड्यात आणि गवती चहात ते असते. हा द्रव इन्शुलिनला पाचक रसांपासून सांभाळतो आणि आतड्याचा पहारा थोडा सैल करतो. शिवाय त्यात मिसळलेले इन्शुलिन साध्या खोलीच्या तापमानात सुमारे दोन महिने टिकले. सुईच्या गोष्टीत ही बाब किरकोळ वाटेल, पण पावसाळ्यात जेथे वीज जाते तेथे ती किरकोळ नाही. फ्रिज नसलेल्या घरात इन्शुलिनची कुपी आजही मातीच्या माठात गार ठेवतात आणि डोस घ्यायच्या वेळी बाहेर काढतात. त्या घरापर्यंत पोहोचायला उंदरांवरच्या या प्रयोगाला माणसांवरच्या चाचण्या, विषारीपणाची तपासणी आणि किंमत असे तीन पहारे अजून ओलांडायचे आहेत.