आवक आणि पुरवठा : वऱ्हाडातील दोन पिकांच्या निमित्ताने

बाजाराच्या मराठीत ‘आवक’ हा शब्द मोठा नेमका आहे. ठरावीक दिवशी जेवढा माल बाजारात येऊन पडला, तेवढी आवक. अर्थशास्त्रीय लेखनात पुष्कळदा यालाच ‘पुरवठा’ म्हटले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. कोणत्या भावास किती माल विकावयास उत्पादक तयार आहेत याचे संपूर्ण कोष्टक म्हणजे पुरवठा. भाव चढल्याने अधिक माल आला, तर त्या कोष्टकातील एका ओळीवरून आपण दुसरीवर गेलो एवढेच. वक्र जागचा हलत नाही. तो हलावयास भावाबाहेरचे कारण लागते.

वऱ्हाडच्या कापसात हा भेद स्पष्ट दिसतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, भाव कडाडले आणि वऱ्हाडात कापसाचा पेरा वाढला. हा भावाला दिलेला प्रतिसाद होय. युद्ध संपताच भाव कोसळले. तरीही कापूस हेच वऱ्हाडचे प्रमुख नगदी पीक राहिले. कारण मधल्या काळात लोहमार्ग आला होता. १८६७ मध्ये तो नागपूरपर्यंत पोहोचला, १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. वाहतूक स्वस्त होताच पूर्वीच्याच भावास अधिक कापूस विकणे परवडू लागले. येथे वक्र खऱ्या अर्थाने उजवीकडे सरकला. तेजीच्या कथेत रमणाऱ्यांचे या कमी नाट्यमय घटनेकडे सहसा लक्ष जात नाही.

संत्र्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे, वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेले कलम फळावर यावयास पाच-सहा वर्षे लागतात. त्यामुळे यंदाचा भाव पाहून लावलेली बाग यंदाच्या आवकेत दिसत नाही; पुढे झाडे धरू लागली की भाव काहीही असो, वक्र सरकलेला असतो. पुढील पुरवठ्याचा अंदाज घ्यावयाचा तर बाजारापेक्षा रोपवाटिकेत किती कलमे उठली हे पाहणे अधिक उपयोगाचे.

उलट दिशेची कारणेही येथेच आहेत. वरुड-मोर्शी भागात भूजलाचा उपसा अतोनात झाला. पाणी जितके खोल, तितका बागेचा खर्च अधिक. डिंक्याने झाडे वाळतात, काळ्या माशीमागून येणारी कोळशी फळ काळवंडून टाकते. मृगाचा पाऊस लांबला तर ताणावर सोडलेली बाग फुटतच नाही.

परंतु भाव पडण्याचे प्रत्येक कारण पुरवठ्यात शोधणे चुकीचे. बांगलादेशाने २०१९ नंतर संत्र्यावरील आयातकर वाढवीत नेला, तेव्हा येथील भाव घसरले. ती घट मागणीतील होती. तिला ‘माल फार झाला’ असे समजून बागायतदाराने झाडांवर कुऱ्हाड चालविली, तर पुरवठा मात्र खरोखरच घटतो. आणि पुढे मागणी परतली तरी नव्या कलमाला फळ धरावयास पुन्हा तीच पाच-सहा वर्षे लागतात.