ध्रुवता, वनस्पति-ऊतकांतील
सजीवाच्या शरीराची किंवा त्याच्या एखाद्या भागाची दोन टोके रचनेने व कार्याने भिन्न असण्याच्या गुणधर्मास ध्रुवता म्हणतात. एकेका कोशिकेस ‘वर’ व ‘खाली’ असणे ही एक गोष्ट आणि ऊतकातील असंख्य कोशिकांचे वर-खाली एकाच दिशेस जुळणे ही दुसरी. शास्त्रज्ञांना अधिक काळ कोड्यात टाकले ते या दुसऱ्या गोष्टीने.

शेतकऱ्यांस मात्र ती व्यवहारातून परिचित आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, विशेषतः नारायणगावच्या परिसरात, द्राक्षाची मोठी लागवड होते. रोपे बियांपासून न करता छाट काडीपासून करतात. काडीचे खालचे टोक तिरपे व वरचे सपाट कापण्याची रीत आहे. कारण उलटी लावलेली काडी बहुधा वाया जाते. मूळच्या खालच्या टोकाचा मुळे फोडण्याचा कल ते हवेत राहिले तरी सुटत नाही आणि मातीत गेलेल्या वरच्या टोकास तो सहसा येत नाही. १९९० नंतर महाराष्ट्रात डॉगरीजसारख्या खुंटांवर पाचर कलम करण्याची पद्धत रूढ झाली. तेथेही कलमकाडी सुलटीच बसवावी लागते. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. अखंड बटाट्याचा शेंड्याकडील डोळा आधी फुटतो व इतरांस दाबून ठेवतो. फोडी केल्या की दबलेले डोळेही फुटतात.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हेर्मान फ्योख्टिंग यांनी केला. त्यांनी वाळुंजाच्या डहाळ्या दमट हवेत सुलट्या व उलट्या टांगून पाहिल्या. दोन्ही स्थितींत मुळे डहाळीच्या मूळच्या बुडाकडे व कोंब शेंड्याकडे आले. डहाळीचे तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यास स्वतःचे बूड व शेंडा असल्याचे दिसले. चुंबकाचे तुकडे करावेत तसाच हा प्रकार होता. यावरून १८७८ मध्ये त्यांनी ध्रुवता ही कोशिकेतच वसते असे प्रतिपादिले. यूलिउस झाक्स यांस हे मान्य नव्हते. मुळे व कोंब घडविणारी विशिष्ट द्रव्ये वनस्पतीत वाहतात, त्यांच्या वाहण्यावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होतो आणि ती साचतील तेथे इंद्रिय उपजते, असे त्यांचे मत होते. हा वाद कडवट झाला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. ते एकत्र जुळण्यास मात्र सुमारे शंभर वर्षे लागली.

वाहणारे द्रव्य प्रथम सापडले. फ्रिट्स वेंट यांनी १९२८ च्या सुमारास ओटच्या अंकुराच्या टोकापासून वाढ घडविणारे द्रव्य आगरच्या तुकड्यात उतरवून दाखविले. त्यास पुढे ऑक्झिन हे नाव रूढ झाले. वान देर वेई यांनी १९३२ मध्ये अंकुराचा तुकडा उलटा ठेवला, तरी ऑक्झिन त्याच्या मूळच्या शेंड्याकडून बुडाकडेच जाते, हे सिद्ध केले. गुरुत्वाकर्षणाचे कारण येथे निकालात निघाले. शेंड्याचे ऑक्झिन बाजूच्या कळ्यांस रोखते, हे थिमन व स्कूग यांनी १९३३ मध्ये दाखविले. बटाट्याच्या डोळ्यांचे वर्तन याच प्रकारचे आहे.

ही एकेरी वाट कशी निर्माण होते, याचे उत्तर रूबेरी व शेल्ड्रेक (१९७४) आणि रेव्हन (१९७५) यांनी सुचविले. कोशिकाभित्ती किंचित आम्लधर्मी असते; तेथील ऑक्झिनचा काही भाग विद्युत्‌भाररहित असल्याने कोशिकापटलातून सहज आत शिरतो. आतील जवळजवळ उदासीन द्रव्यात त्यावर ऋण भार येतो व तो अडकतो. बाहेर पडण्यास प्रथिनांचे दार लागते. ही दारे प्रत्येक कोशिकेच्या बुडाकडील बाजूसच असली, तर सर्व प्रवाह खाली वाहील. त्याचा वेग तासाला साधारण एक सेंटिमीटर भरतो. १९९१ मध्ये वर्णिलेल्या, टाचणीसारखे फुलोरे धरणाऱ्या ॲराबिडॉप्सिसच्या उत्परिवर्ती प्रकारावरून संबंधित जीनला ‘पिन’ नाव मिळाले. त्याचे प्रथिन खोडाच्या कोशिकांत खरोखरच बुडाकडील बाजूस असते, हे १९९८ मध्ये दिसून आले.

मग शेजारच्या कोशिका एकमताने कशा वागतात? त्स्वी सॅक्स यांनी १९६९ पासून मांडलेल्या कल्पनेनुसार प्रवाह स्वतःच आपली वाट रुंदावतो : ज्या दिशेने ऑक्झिन अधिक जाते, त्या बाजूची वहनक्षमता वाढते व तेथेच पुढे वाहक वृंद तयार होतो. शेतात पाण्याने स्वतःचा पाट कोरावा तसे हे आहे. कोशिकेला प्रवाहाची दिशा कशी उमगते, यावर अद्याप एकमत नाही. प्राण्यांतील व्यवस्था निराळी आहे. फळमाशीच्या पंखावरील केसांची दिशा बिघडविणाऱ्या उत्परिवर्तनांचा अभ्यास गब व गार्सिया-बेयीदो यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे लगतच्या कोशिकांची पटलप्रथिने एकमेकींना प्रत्यक्ष भिडून दिशा ठरवितात. वनस्पतींत मध्ये भित्ती असल्याने असा सरळ संपर्क बव्हंशी शक्य नसतो.

रोपवाटिकेत काडीच्या बुडास इंडॉल ब्यूटिरिक अम्ल लावतात. त्याने मुळ्या लवकर व अधिक संख्येने फुटतात. तरीही काडी सुलटीच लावावी लागते.