नवख्याचा अधिकार आणि भूमिकाखेळाची पहिली संहिता

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी असे चार अनुबंध सांगण्याची परंपरा होती. ग्रंथ कोणासाठी आहे, हा प्रश्न त्यामुळे पहिल्याच पानावर सुटत असे. आधुनिक समीक्षेत वोल्फगांग इझर यांच्या 'अभिप्रेत वाचका'च्या रूपाने तो वेगळ्या वाटेने परतला; तरी हा वाचक संहितेतच वसलेला असतो, प्रत्यक्ष वाचकाने पुस्तक मिटले तरी संहितेचे काही बिघडत नाही. व्हिडिओ खेळांपैकी ज्याला भूमिकाखेळ म्हणतात, त्या प्रकारात मात्र वाचक थांबला की संहिताही थांबते. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ साली 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात अशा संहितांचा वेगळा वर्ग मानला, तो याच कारणाने. येथे अधिकाराचा प्रश्न पुन्हा पहिल्या पानावर येतो, आणि 'नवख्याने कोणता खेळ प्रथम खेळावा' ही वरवर फुटकळ वाटणारी पृच्छा वाङ्मयेतिहासाचा विषय होते.

या प्रकाराचे मूळ संगणकात नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मंडळींनी बसून खेळायचा खेळ होता. आख्यानाचा आराखडा ठरलेला आणि संवाद ज्याचे त्याने उत्स्फूर्त रचायचे, ही त्याची रीत दशावतारी नाटकाशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला नवी वाटू नये. १९८१ साली 'विझार्ड्री' आणि 'अल्टिमा' हे खेळ आले आणि यंत्राने सूत्रधाराची जागा घेतली. त्यांचा अधिकारी ठरलेला होता: इंग्रजी जाणणारा, संगणक बाळगणारा, माहितीपुस्तिका वाचून चौकटीच्या कागदावर भुयाराचा नकाशा काढण्याची चिकाटी असणारा.

हा अधिकारभेद मोडण्याचा पहिला विचारपूर्वक प्रयत्न जपानमध्ये झाला. युजी होरी हे या दोन्ही खेळांचे चाहते. 'शोनेन जम्प' या मुलांच्या चित्रकथा-साप्ताहिकात ते लिहीत. २७ मे १९८६ रोजी एनिक्स या प्रकाशनसंस्थेने त्यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी काढला. चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. जागा अवघी ६४ किलोबाइट. तीत चित्रलिपी मावणे शक्य नव्हते. कटाकाना अक्षरेसुद्धा विसाच्या आसपासच घेता आली. राक्षसांची आणि मंत्रांची नावे या मोजक्या अक्षरांतून जुळवावी लागली. नायक एकटा आणि शत्रूही एका वेळी एकच.

या खेळाचा आरंभ बारकाईने पाहण्यासारखा आहे. नायक राजाच्या दालनात उभा असतो आणि दालनाला कुलूप असते. बोलल्याशिवाय, पेटी उघडून किल्ली घेतल्याशिवाय, दार उघडल्याशिवाय आणि जिना उतरल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. म्हणजे पुढे सर्वत्र लागणारी क्रियापदे वाचकाकडून या एका खोलीतच वदवून घेतली जातात. उपदेश नाही, पुस्तिका नाही. बाराखडी गिरवणे हाच कथेचा पहिला प्रसंग होतो. दिशा निवडून मग 'बोला' म्हणावे लागे, कारण त्या चित्रात माणसाला तोंड फिरवता येत नसे. ही अडचणही नवख्याने निमूट पत्करली, कारण दार उघडण्याचे समाधान मोठे होते.

हीच संहिता १९८९ साली 'ड्रॅगन वॉरियर' या नावाने अमेरिकेत गेली तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडली. बालवाचकालाही सुगम असलेल्या कानातील साध्या संवादांना भाषांतरकारांनी एलिझाबेथकालीन इंग्रजीचा साज चढवला. ऐतिहासिक नाटकातील भरजरी मराठी पहिलीच्या वाचनपाठाला लावावी, तसा हा प्रकार. सर्वांसाठी उघडलेले दार भाषेच्या थाटाने पुन्हा अर्धे लोटले गेले. नंतर स्क्वेअर या संस्थेने अमेरिकी नवख्यांसाठी म्हणून १९९२ साली 'फायनल फँटसी मिस्टिक क्वेस्ट' हा खास सोपा खेळ काढला. त्यात निवडी कमी केल्या, वाट आखून दिली आणि अडचणी काढून टाकल्या. तो फारसा नावाजला गेला नाही. होरींनी नवख्याला शिकवले, स्क्वेअरने त्याला वगळले. आपल्याकडील कित्येक 'सुबोध' आवृत्त्यांची गतही हीच आहे, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

यवतमाळ जिल्ह्यातून या इतिहासाकडे पाहिले तर प्रश्न अधिक टोकदार होतो. मराठीखेरीज गोंडी, कोलामी आणि बंजारा या भाषा बोलणाऱ्या या जिल्ह्यात भूमिका घेणे ही परकी गोष्ट नाही. पोलिसाचा वेश घेऊन दारात दरडावणारा बहुरूपी घरधन्यालाही क्षणभर आरोपीची भूमिका देऊन जातो. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद भागात दिवाळीच्या सुमारास गोंडांच्या दंडारीत मोरपिसांचा मुकुट घालणारा गुसाडी ते दिवस संपेपर्यंत स्नान करीत नाही. भूमिका वेशाने नव्हे, नियमाने अंगात येते. खेळाच्या नियमांनी भूमिका घडते हे येथील नवख्याला समजावून सांगावे लागणार नाही. अडसर आहे तो भाषेचा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांवर होते, तरी या प्रकारातील जगन्मान्य कृती त्यांना इंग्रजीतूनच गाठावी लागते. सिद्धान्त संस्कृतात गेला तर म्हाताऱ्या वंचित होतील, म्हणून मराठीचा आग्रह धरणारे नागदेवाचार्य याच विदर्भातले. त्यांचा आक्षेप येथे तंतोतंत लागू पडतो.

तेव्हा निवड कशी करावी? टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल' (२०१५) आटोपशीर आहे आणि म्हणून नेहमी सुचवला जातो. ही शिफारस तपासून घ्यावी लागेल. शत्रूला न मारताही पुढे जाता येते, हा त्याचा आशय मारण्याचा संकेत ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्यालाच पुरता कळतो. रविकिरण मंडळाची कविता न वाचता अत्र्यांची 'झेंडूची फुले' हाती घेण्यासारखेच ते आहे. विडंबन ही दुसरी संहिता असते. 'डिस्को एलिसियम' (२०१९) वाङ्मयीन गुणांत बहुधा सर्वांत समृद्ध. पण त्याचा शब्दपसारा दहा लाखांच्या घरात सांगितला जातो, आणि इंग्रजी ही तिसरी भाषा असणाऱ्या विद्यार्थ्याला तो पहिल्याच रात्री थकवील. होरींचा जुना खेळ २०१४ पासून भ्रमणध्वनीवर इंग्रजीत मिळू लागला. त्याचे इंग्रजी तेथेही जुन्या थाटाचेच आहे, तरी वाक्ये तोकडी आहेत आणि कृती वाक्याचा अर्थ लावून देते. वणी-पांढरकवड्याच्या नवख्यासाठी आज तोच अधिक योग्य ठरतो.

'डिस्को एलिसियम'चे प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्वित्झ मुळात एस्टोनियन कादंबरीकार. त्यांची कादंबरी २०१३ साली त्या भाषेत प्रसिद्ध झाली. एस्टोनियन बोलणारे सुमारे ११ लाख, यवतमाळ जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी. कादंबरीला मोजकेच वाचक लाभले. तिच्याच काल्पनिक विश्वावरचा हा खेळ कुर्वित्झ यांनी इंग्रजीत लिहिला.