लिनक्स कर्नलची देखभाल

लिनक्स या मुक्त परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, दोष काढणे, नव्या यंत्रांसाठी ड्रायव्हर घालणे, कालबाह्य कोड बदलणे किंवा वगळणे, आणि हे सर्व चालू असताना कर्नलवर विसंबलेले प्रोग्राम बंद पडू न देणे, असे हे १९९१ पासून अखंड चाललेले काम आहे. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या वर्षी सप्टेंबरात प्रसिद्ध केलेली ०.०१ ही आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. २०२५ मध्ये हा पसारा चार कोटी ओळींच्या घरात गेला. अँड्रॉइडचे फोन याच कर्नलवर चालतात. जगातील पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरी प्रणाली नाही. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय २०२० मध्ये याच यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. इतका अवाढव्य कोड धड कसा राहतो, याचे प्रचलित उत्तर प्रोग्रामर एरिक रेमंड यांच्या १९९७ च्या निबंधातून आले आहे: पाहणारे पुष्कळ असले की दोष लपून राहत नाहीत. पुरावा तपासला तर हे उत्तर अर्धेच खरे ठरते. कोड खुला असल्यामुळे दुरुस्ती शक्य होते, पण ती प्रत्यक्षात होते ती त्या त्या भागासाठी नावानिशी उत्तरदायी माणूस असल्यामुळे. आणि अशा माणसांचा तुटवडा हीच या प्रकल्पाची खरी मर्यादा आहे.

कामाची रचनाच याची साक्ष देते. कर्नलच्या कोडसोबत ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइल असते. फाइल सिस्टिम, नेटवर्क, एखाद्या चिपचा ड्रायव्हर, अशा प्रत्येक भागाची जबाबदारी कोणाकडे आहे ते तीत लिहिलेले असते. बदल सुचवणारा माणूस तो बदल पॅच म्हणून पाठवतो, इतर जाणकार तो वाचून हरकती घेतात, मेंटेनर तो आपल्या शाखेत घेतो आणि तेथून तो टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत जातो. वाटेत ज्याच्या ज्याच्या हातून पॅच पुढे गेला तो त्यावर आपली सही जोडतो. एससीओ कंपनीने २००३ मध्ये कोडच्या मालकीवरून आयबीएमविरुद्ध दावा लावल्यानंतर, २००४ पासून ही सही रीतसर झाली. नव्या आवृत्तीचे चक्र नऊ-दहा आठवड्यांचे असते: पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारायचे, मग दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती काढत फक्त दोष निस्तरायचे. एका चक्रात दहा हजारांहून अधिक बदल येतात. ते सगळे कोणा एकाने वाचणे अशक्य आहे, त्यामुळे टोरवाल्ड्स वाचतात त्यापेक्षा कितीतरी अधिक गोष्टी विश्वासावर घेतात. त्यांनी २००५ मध्ये याच कामासाठी लिहिलेली गिट ही प्रणाली या विश्वासाचा हिशेब ठेवते. कोणती ओळ कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने बदलली हे तीत कायम राहते.

हा विश्वास कुठे तोकडा पडतो ते ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झालेल्या ‘डर्टी काऊ’ या दोषाने दाखवले. कर्नल स्मृतीचे एखादे पान अनेक प्रक्रियांना मिळून वापरू देतो आणि कोणी त्यावर लिहू लागले की त्याला वेगळी प्रत करून देतो. ही प्रत होण्याच्या क्षणी दोन क्रिया एकमेकींच्या आड आल्या, तर केवळ वाचण्याची मुभा असलेल्या फाइलवर सामान्य वापरकर्त्यालाही लिहिता येई, आणि त्यातून तो संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शके. ही फट २००७ च्या २.६.२२ या आवृत्तीपासून उघडी होती. नऊ वर्षे हा कोड जगासमोर होता, अगणित सर्व्हरांवर चालत होता आणि त्यात ज्यांचे पैसे गुंतलेले अशा बलाढ्य कंपन्या तो वापरत होत्या. शेवटी हा दोष सापडला तो कोड वाचताना नव्हे. कोणीतरी त्याचा प्रत्यक्ष गैरवापर केला आणि त्या हल्ल्याच्या नोंदींतून तो हाती लागला. याहून बोलकी बाब दुरुस्तीच्या टिपणात आहे. हाच दोष आपण अकरा वर्षांपूर्वी मिटवण्याचा प्रयत्न केला होता, असे टोरवाल्ड्स यांनी त्यात नोंदवले. आयबीएमच्या एस३९० या यंत्रांवर अडचण आल्यामुळे तो उपाय मागे घेतला गेला होता. तेव्हा दोन क्रियांमधील ही शर्यत निव्वळ तात्त्विक वाटत होती. पुढे स्मृतिव्यवस्थापन सुधारत गेले आणि ती सहज घडवून आणता येऊ लागली. म्हणजे दोष कोणाला दिसलाच नव्हता असे नाही. मागे घेतलेला उपाय पुन्हा हाती घेण्याचे काम कोणाच्याही यादीत उरले नव्हते, आणि ते काम नुसत्या पाहणाऱ्यांच्या संख्येने होत नाही.

देखभालीच्या या पद्धतीवर एक आक्षेप असा येतो की चालू प्रोग्राम बंद पडू न देण्याच्या आग्रहाने प्रगती गोठते. वापरकर्त्याचा चालू प्रोग्राम मोडेल असा बदल, तो तर्काने कितीही बरोबर असला तरी, मागे घेतला जातो. हा येथील सर्वांत कडक नियम आहे. पण हे बंधन फक्त बाहेरच्या सीमेवर आहे. आतील रचना केव्हाही, कोणाची भीड न ठेवता बदलता येते. अनेक प्रोसेसरांना आधार देताना १९९६ च्या २.० आवृत्तीत संपूर्ण कर्नलला मिळून एकच मोठे कुलूप, म्हणजे एका वेळी एकाच प्रोसेसरला आत येऊ देणारी अडवणूक, घातले होते. ते भागाभागाने सोडवत २०११ च्या २.६.३९ मध्ये समूळ काढले, आणि या पंधरा वर्षांत वरच्या प्रोग्रामांना त्याचा पत्ताही लागला नाही. ठरावीक मुदतीत प्रतिसादाची हमी देणारी रिअल-टाइम सोय मुख्य कर्नलमध्ये येण्यास वीस वर्षे गेली. २०२४ मध्ये ती ६.१२ आवृत्तीत आली, तोवर शेवटचा अडसर कोणता उरला होता, तर संदेश छापण्याची जुनी यंत्रणा. इंटेलचा ३८६ प्रोसेसर, ज्यासाठी लिनक्स मुळात लिहिले गेले, तो २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून वगळला आहे. याला गोठणे म्हणता येणार नाही. वेग कमी आहे, आणि तो जाणूनबुजून कमी ठेवलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: माणसांवरचा विश्वास हाच पाया असेल तर तो फसवता येतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये मुद्दाम सदोष पॅच पाठवून हेच आजमावले. ते उघड झाल्यावर एप्रिल २०२१ मध्ये त्या विद्यापीठाचे योगदान घेणे थांबवण्यात आले आणि तेथून पूर्वी आलेले ४३५ बदल पुन्हा तपासले गेले. मुद्दाम पाठवलेला एकही सदोष पॅच कर्नलमध्ये शिरला नव्हता. मात्र प्रामाणिकपणे पाठवलेल्या जुन्या बदलांपैकी ३९ चुकीचे निघाले आणि आणखी २५ मधील चुका त्याआधीच निस्तरल्या गेल्या होत्या. या आकड्यांचा अर्थ प्रयोगकर्त्यांच्या अपेक्षेहून वेगळा लागतो. लबाडीपेक्षा साधी चूक जास्त आत शिरते, कारण बारकाईने वाचायला वेळ असलेले डोळे कमी आहेत. इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्या बहुतांश योगदानासाठी पगार देतात हे खरे, आणि म्हणून हा आता कंपन्यांचाच माल झाला असेही म्हटले जाते. पण पगार प्रामुख्याने नव्या चिपसाठी, नव्या सोयीसाठी मिळतो. दुसऱ्याचा पॅच वाचण्यासाठी क्वचितच. मेंटेनरने नोकरी बदलली तरी जबाबदारी बहुधा त्याच्याबरोबर जाते, यावरून ती कंपनीची नसून व्यक्तीची आहे हे कळते.

तुटवडा सर्वांत ठळक दिसतो तो जुन्या आवृत्त्यांच्या बाबतीत. ग्रेग क्रोह-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी २००५ मध्ये स्थिर मालिका सुरू केली. मुख्य शाखेत झालेली दुरुस्ती मागच्या आवृत्त्यांत नेऊन बसवणे हे तिचे काम. निवडक दीर्घकालीन मालिकांची मुदत २०१७ मध्ये दोन वर्षांवरून सहा वर्षे करण्यात आली, मुख्यत्वे फोन-उत्पादकांच्या सोयीसाठी. २०२३ मध्ये ती पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे ठरले, कारण इतक्या जुन्या कोडसाठी राबणारे पुरेसे हात नव्हते. हा निर्णय योग्यच होता: नावापुरता आधार खोटी सुरक्षितता देतो. फोन, राउटर किंवा कॅमेरा घेताना त्यात कर्नलची कोणती मालिका आहे आणि तिच्या दुरुस्त्या उत्पादक किती वर्षे पोहोचवणार आहे, हे दुकानदाराला जरूर विचारावे.